अप्पांनी केलेले खून

अर्धा किलो साखर तोलता तोलता अप्पांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, की समजा नवऱ्याला मारायचं ठरवलं तर मी ते सकाळी करीन की संध्याकाळी. मी नुकती बदली होऊन आष्टीला आले होते. पायाशी एक बॅग, हातात रॉकेलचा स्टो, आणि नवरा तर अजून व्हायचा होता. प्रश्न विचारणारा माणूस उंच, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला, चेहऱ्याने एखाद्या देवळाचा पुजारी शोभेल असा. मी म्हटलं, सकाळी. संध्याकाळी शाळेतून दमून येते. अप्पा इतके खूश झाले की काट्यावर आणखी मूठभर साखर टाकली आणि म्हणाले, "वर एक खोली रिकामी हाय. तुमीच घ्या."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले आणि पुढची बरीच वर्षं राहिले. खाली किराणा दुकान, मागे धान्याची कोठी, वर माझी खोली. अप्पा दिवसभर तेल-डाळ विकत आणि संध्याकाळी खून करत. म्हणजे गोष्टींतले. पूर्वी त्यांच्या छोट्या पुस्तिका निघत आणि एसटी स्टँडवर विकल्या जात म्हणे. मी गेले तोवर हाताहातांत मोबाइल आले होते. दुकानाची फळी लागली की अप्पा कोठीत शेंगांच्या पोत्यांमध्ये जाऊन बसत, मोबाइल तोंडाशी धरत, आणि आदल्या दिवशी जिथे सोडलं होतं तिथून गोष्ट पुढे सांगत. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. तो आवाज मग व्हॉट्सअॅपच्या गटांतून सुटायचा आणि पार सांगली-कोल्हापूर-कर्नाटकापर्यंत जायचा, कारण ऐकणारी माणसं तिथे होती. दसरा झाला की शिरूर-आष्टीकडची गावं निम्मी रिकामी होतात. माणसं कारखान्याच्या तळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या टाकतात आणि उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडतात. त्या कोप्यांत भाकरी थापता थापता बायका अप्पांचा खून ऐकत. एकीने तर निरोप पाठवला होता, की उद्याच्या उद्या त्या दिराला धरा, नाहीतर मी कोयता खाली ठेवते. अप्पांनी दिराला त्याच आठवड्यात धरलं. मुकादमाचा आभाराचा फोन आला.

गोष्टीत काही खोटं असलेलं त्यांना चालायचं नाही. एक माणूस विहिरीत ढकलायचा होता, तर त्यांनी खडेमिठाचं पोतं माणसाच्या वजनाइतकं भरून, हमालाला हाताशी धरून, गावाबाहेरच्या विहिरीत ढकललं. आवाज किती लांब जातो ते पाहायचं होतं. चांगलाच लांब गेला. निम्मी पेठ विहिरीवर जमली, आणि मग फौजदारसाहेब आले. पुढे कधी ते चहापत्ती न्यायला आले की आधी विचारायचे, "अप्पा, सध्या काय ढकलताय?" एकदा दोरीच्या तुकड्याने बाहेरून आतली कडी लागते का हे तपासायला त्यांनी मला माझ्याच खोलीत कोंडलं. कडी लागली, फक्त उघडेना. माझा पहिला तास बुडला आणि मी मुख्याध्यापकांना खरं कारण सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

गोष्टीत मरायला लोक रांगेत होते. समोरच्या शिंप्याची फार हौस, की अप्पांनी एकदा तरी आपल्याला मारावं. त्याने तसं बोलून दाखवलं. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून त्याला नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या मरण्यानं कोणाचं काय भलं होणार हाय? आधी ते सांगा."  बिचारा कितीतरी दिवस तोंड पाडून मशीन चालवत होता.

त्यांच्या गोष्टींत बाहेरून आलेला खुनी मी कधी ऐकला नाही. काळा कोट नाही, बंदूक नाही, मुंबईचा टोळीवाला नाही. खुनी त्याच घरात जेवणारा असायचा. मी एकदा म्हटलं, अप्पा, ऐकणाऱ्याला लगेच कळेल हो. त्यावर त्यांनी एका गावातली खरीच घडलेली गोष्ट सांगितली. एका बाईने नवऱ्याच्या डोक्यात मुसळ घातलं. मग मुसळ धुतलं, पुसलं आणि उखळाशेजारी जागच्या जागी उभं करून ठेवलं. सगळ्या घराची दैना, आणि मुसळ तेवढं लखलखीत.

"कावून ठिवलं?" अप्पा म्हणाले. "लपवायचं असतं तर आडात टाकलं असतं. रोज ठिवायची म्हणून ठिवलं. डोकं बिघडतं मॅडम, हात बिघडत न्हाई."

गावात कोणाचीही मयत असो, अप्पा हजर. धनगराची असो, मराठ्याची, मुसलमानाची असो, ते मागे जाऊन उभे राहत, हात पाठीशी बांधून. रडणाऱ्यांकडे ते बघत नसत. कोण घरात जाऊन पाणी पिऊन येतो, कोणाला भूक लागली आहे, ते बघत. काकू म्हणत, "ह्यांला मयतीचं आवतण लागत न्हाई." काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, कमी बोलणारी, आणि दुकान खरं तीच चालवायची. अप्पांची एकही गोष्ट तिने ऐकलेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, दिवसभर ह्यांच्या तोंडचं ऐकते ते काय थोडं हाय?

काकूंची एक थोरली बहीण होती, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. आई लहानपणीच गेली, तेव्हा ह्याच बहिणीने काकूंना न्हाऊमाखू घालून वाढवलं, स्वतःच्या लग्नात सोबत घेऊन आली आणि पुढे अप्पांशी लग्नही तिनेच लावून दिलं. काकू दुपारी दुकान अप्पांवर सोडून तिच्याकडे जात, ते अगदी माहेरी गेल्यासारखं. बहिणीचे यजमान, म्हणजे अप्पांचे साडू, कापडाचे मोठे व्यापारी. लिंगायत समाजात त्यांचा शब्द चाले. त्यांना एकच मुलगा, आणि शिरूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली सून.

ही सून अप्पांची खरी ऐकणारी. सामान न्यायला यायची आणि गिऱ्हाईक कमी आहे असं पाहून चुका काढायची. काल विहिरीत टाकलेल्या माणसाच्या पायात तुम्ही चपला ठेवल्या अप्पा, त्या तरंगायला पाहिजेत, असं म्हणायची. अप्पा कान पकडायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीत चपला वर आणायचे. तिच्यापुढे ते जेवढे नमत तेवढे कोणापुढेच नमताना मी पाहिले नाहीत. मध्ये मध्ये ती मान झाकून यायची, कडक उन्हातसुद्धा पदर गळ्याभोवती घट्ट. काकूंनी बहिणीला त्याबद्दल विचारलं होतं. पोरगा पितो, पण मनाचा वाईट नाही, असं उत्तर आलं होतं.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी निरोप आला, की सून हौदात पडली.

आमच्याकडे घरोघरी अंगणात जमिनीत हौद असतो. टँकर आला की भरायचा आणि पुरवून वापरायचा. साडूंनी सगळ्यांना सांगितलं ते असं: सकाळी चहा ठेवला होता, सून बादली बुडवायला वाकली, पाय घसरला. आवाज ऐकून धावलो, शेजारच्या पोरांना हाक मारली, लगोलग काढली, पण गेली होती. ज्यांनी काढली ती पोरं एकच सांगत होती, की वहिनी मांडी घालून वर आली.

इथे एक सांगायला हवं. लिंगायत माणूस मेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसलेलाच दर्शनाला ठेवतात आणि बसलेलाच खड्ड्यात, मीठ-विभूती घालून, मातीआड करतात. अंग ताठलं की पाय दुमडत नाहीत. म्हणून श्वास थांबला की घरातलं जाणतं माणूस रडण्याआधी हे काम उरकून घेतं, पाय दुमडतं आणि पाठ भिंतीला टेकवतं. आणि ही मुलगी तर पाण्यातून बसूनच आलेली. कोणी हात लावायची गरज पडली नव्हती. मग काय विचारता. शिवानं स्वतः बसवली, पुण्यवान जीव, आपल्या समाजात असं ऐकलं नव्हतं, असं म्हाताऱ्या माणसांनी सुरू केलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. बेलपानांचा ढीग लागला होता. लोक तिच्या पायांना हात लावून तो डोळ्यांना लावत होते आणि कोणी कोणी मोबाइलवर फोटो काढत होते. खरं सांगते, मीही हात जोडले.

तिचे वडील गावाकडून जीपने आले. धोतर, डोक्याला टॉवेल. आले ते उंबऱ्यातच कोसळले. मग साडूंनी त्यांना उठवून पुढे नेलं आणि सांगितलं, की तुमची लेक मेली नाही, देवाची झाली. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचं रडणं उतरलं आणि त्याने हात जोडले. चेहरा इतका सैल झाला की पाहवत नव्हतं.

अप्पा नेहमीसारखे मागे उभे होते. पण कोण पाणी पितंय, कोण नाही, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते तिच्या पायांकडे बघत होते. मग पुढे गेले, दर्शन घेतल्यासारखे वाकले, तिच्या गुडघ्याला हात लावला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांनी घेतला नाही.

"आत्ता पडली म्हणतेत," ते खाली बघत म्हणाले. "अंग तर लाकूड झालंय. आन् पाण्यात पडलेलं माणूस हातपाय मारतं मॅडम. मांडी घालीत न्हाई."

मला समजायला थोडा वेळ लागला.  ती रात्रीच गेली होती, आणि पाण्यात नाही, घरात. हौद नंतर सुचला होता. पण हौद सुचायच्या आधी कोणीतरी तिचे पाय दुमडून तिला बसवलं होतं. सकाळी हौदात सोडली तेव्हा ती तशीच ताठलेली होती.

समोर अंगणात केळीचे खुंट बांधून विमान तयार होत होतं. ह्यातच बसवून तिला नेणार होते. विधी करणारे जंगम स्वामी घाई करत होते, उन्हं वाढतात म्हणून. अप्पांनी एकदा तिकडे पाहिलं आणि एकदा आत, जिथे काकू बहिणीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

"एकदा मिठात बसली की झालं," ते म्हणाले. मग काकूकडे बघत, "ती हिची बहीण न्हाई मॅडम. आई हाय."

  एका बाजूला ती मुलगी, आणि देव पाहिल्यासारखा बसलेला तिचा बाप. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या बायकोचं एकुलतं एक माहेर. अप्पा गप्प बसले असते तर त्यांना कोणी कधी नाव ठेवलं नसतं. कोणाला कळलंच नसतं. तोपर्यंत अप्पा म्हणजे मला एक गंमत वाटे. सुट्टीत घरी गेले की मी त्यांच्या नकला करून सगळ्यांना हसवायची. पायरीवरून ते उठले तेव्हा मला त्यांची भीती वाटली, आणि भीतीहूनही मोठं असं काही, ज्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता. आजही नाही.

ते आत गेले आणि मुलीच्या समोर, सगळ्यांच्या मध्ये, खाली बसले. बायकोकडे पाहिलं. मग आवाज न चढवता मेहुणीला विचारलं, "अक्का, हिची मांडी कोणी घातली?"

साडू पटकन म्हणाले की शिवानं घातली, सगळ्यांनी पाहिलंय. अप्पांनी तिकडे मानही वळवली नाही. ते फक्त अक्कांकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात राग नव्हता. घरातली एखादी वस्तू कुठे ठेवली असं विचारावं, तसा तो प्रश्न होता. अक्का रात्रभर जागलेली, रडून रडून डोळे सुजलेले. तिने मान वर केली.

"मीच की," ती म्हणाली. "आडवी कशी ठिवू लेकराला?"

 बोलून गेल्यावर अक्कांना कळलं की आपण काय बोललो. तिने पदर तोंडात कोंबला. काकूंचा हात तिच्या पाठीवरून आपोआप खाली आला. मुलीचा नवरा, जो तोवर खांबाला टेकून उभा होता, मागच्या दाराकडे निघाला, आणि पहिला उठला तो मुलीचा बाप. त्याने जावयाला धरलं नाही, मारलं नाही. फक्त दारात जाऊन आडवा उभा राहिला. फौजदारसाहेब आले तेव्हा तो तसाच उभा होता.

पुढचं सगळं पेपरात आलं. माहेरी निघून जाते, परत येत नाही, असं ती रात्री म्हणाली होती. नवऱ्याने पिऊन गळा धरला. अक्का धावत आली तेव्हा उशीर झाला होता. ती तिथेच खाली बसली आणि लहानपणापासून जे पाहत आली होती ते तिच्या हातांनी केलं. हौद साडूंच्या डोक्यातून निघाला. सकाळपर्यंत अंग ताठलं होतं आणि ताठलेले पाय सरळ करायला कोणी धजेना. निकाल अजून लागायचा आहे. अक्कांनी दिलेला जबाब मात्र आजतागायत फिरवलेला नाही.

समाजातली गिऱ्हाइकं तुटली. घरातली गोष्ट अंगणात आणली, देवाला खोटं पाडलं, असं अप्पांना तोंडावर ऐकवलं गेलं. ऊसतोडीच्या माणसांनी पेपर वाचले आणि गटावर एकच मागणी लावून धरली, की अप्पा, आता ही गोष्ट सांगा. अप्पांनी सांगितली नाही. इतर खून ते पुन्हा करू लागले, पण ह्या गोष्टीचं नाव काढलं की फोन बंद. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती माझी न्हाई. ती अक्काची हाय."

पण मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं. मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तपासणी होऊन दुपारी ती वडिलांच्या ताब्यात मिळाली आणि त्यांनी तिला आपल्या गावी नेलं. आष्टीचं कोणी येणार नव्हतं. अप्पा निघाले, मी निघाले, आणि जीपमध्ये बसतो तोच काकू दुकानाला कुलूप लावून येऊन मागे बसली. कालपासून ती अप्पांशी एक अक्षर बोलली नव्हती. ताट वाढलं होतं, पाणी ठेवलं होतं, पण त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. वाटेतही ती बाहेरच बघत राहिली. ती का आली हे मला कळेना. मला वाटलं, तिकडे सगळ्यांसमोर नवऱ्याला काहीतरी बोलणार.

खेड्यातलं छोटं घर, कडुनिंबाखाली माणसं बसलेली. मुलीला चादरीत गुंडाळून आडवं ठेवलं होतं. आता अंग सैल पडलं होतं, पण दवाखान्यात चिरलेल्या देहाला हात लावायला घरातल्या बायका धजत नव्हत्या. गावचे जंगम म्हणाले, अशा वेळी आडवी ठेवली तरी दोष नाही. बाप ऐकेना. तो एकसारखा म्हणत होता, "बसवायची. माझी लेक बसवायची." कोणी पुढे होईना. अप्पा पुढे झाले. चादर बाजूला केली, तिचा एक पाय हातात घेतला, आणि तिथेच थांबले. कितीतरी माणसं मारलेला हा माणूस, पण पाय कुठून दुमडायचा हे त्याला समजत नव्हतं. बाप बघत होता. सगळं गाव बघत होतं.

काकू बायकांतून उठली. पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी येऊन टेकली.

"सरका तुमी," ती त्यांना म्हणाली. "तुमाला न्हाई जमायचं."

अप्पा सरकले. काकूने तो पाय त्यांच्या हातातून घेतला, गुडघ्याला तळहात लावला, हळूच दाबून दुमडला. मग दुसरा. मग दोन्ही हात पोरीच्या काखेत घालून तिला स्वतःच्या छातीशी उचलून धरलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बस गं माय."

आणि पोरगी बसली.